पुसला तरी न पुसणारा क्रमांक

२७ जुलै २०१९ हा दिवस बदलापूर-वांगणी भागातील लोक विसरणार नाहीत. उल्हास नदीला पूर आला, रुळांवर पाणी चढले आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान अडकून पडली. सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. त्या कामी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या हवा भरलेल्या बोटींचा मोठा उपयोग झाला. हवेच्या बोटीची घडी करून ती ट्रकमध्ये टाकता येते. पण फायबरची किंवा पत्र्याची टणक बोट पाण्यापर्यंत न्यायची तर तिला चाकांचा गाडा लागतो. मोटारीच्या मागे जोडून ओढायचा हा गाडा म्हणजेच बोटीचा ट्रेलर.

वर्षातले बहुतेक दिवस हा ट्रेलर नुसता उभा असतो. त्याला इंजिन नाही, दार नाही. कोणत्याही जीपला जोडला की निघाला! ऐन पुरात बोट तयार आहे, पण ट्रेलर जागेवर नाही, अशी वेळ आली तर? म्हणून दोन प्रश्नांचा विचार आधीच करायला हवा. ट्रेलर चोरीला जाऊ नये म्हणून काय करावे? आणि गेलेला सापडलाच, तर तो आपलाच आहे हे सिद्ध कसे करावे?

कुलूप चोराचा वेळ खाते

मोटारीच्या मागे एक पोलादी गोळा असतो. त्याचा व्यास बहुधा ५० मिलिमीटर असतो. ट्रेलरच्या टोकाला या गोळ्यावर बसणारी वाटी असते. वाटीतच कुलूप बसवले, की गोळ्याला जागा उरत नाही आणि ट्रेलर जोडता येत नाही.

साखळी लावायची तर ती केवळ चाकातून ओवून चालणार नाही. नट सोडवून चाक काढता येते! साखळी ट्रेलरच्या सांगाड्यातून ओवून जमिनीत पक्क्या बसवलेल्या कडीला बांधावी. शिवाय ती जमिनीवर लोळत ठेवू नये. का बरे? साखळी तोडायची कात्री म्हणजे एक तरफ. तिचा दांडा टेकूपासून ६० सेंटिमीटर आणि पाते ३ सेंटिमीटर असेल, तर हाताने लावलेले बल पात्याशी २० पट होते. त्यात साखळी जमिनीवर असली, तर एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर सारे अंग टाकता येते. साखळी उंच आणि ताणलेली असली, तर केवळ हातांचे बळ उरते. पुरेसा वेळ मिळाला तर कोणतेही कुलूप तुटते. चोराला अधिक वेळ लागावा, आवाज व्हावा आणि कोणाचे तरी लक्ष जावे, एवढेच कुलपाचे काम.

इंजिन नाही, तरी वाहनच

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. त्यामुळे रस्त्यावर आणायच्या ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे येतात. त्याचा सांकेतिक क्रमांक एमएच-०५. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते, मग तपासणी करून नूतनीकरण होते. धंद्यासाठी वापरायच्या वाहनाला मात्र ‘पासिंग’ लागते. वाहन नवे असताना ते दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी करावे लागते.

तपासणीत दिवे, चाके पाहतात. पण कागद आणि गाडी यांची खरी गाठ घालतो तो सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक. कागद जाळता येतो, नंबर प्लेट बदलता येते. हा क्रमांक मात्र लोखंडातच असतो. म्हणून नोंदणीच्या कामांत त्याची पेन्सिलने काढलेली छाप मागतात. एका नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासून पाहा. उंच भागावर शिसे लागते, खोलगट भाग कोरा राहतो. चासीची छापही अशीच निघते.

घासला तर गेला का?

चोर तो क्रमांक कानशीने घासून टाकतो. पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पण अंक खरोखर नाहीसा झाला का? एक प्रयोग करा. वेगवेगळ्या रंगांच्या खेळण्यातील मातीच्या चार पातळ पोळ्या एकावर एक ठेवा. पेनाच्या बोथट टोकाने वरून दाबा, खळगा पडेल. आता ताणलेल्या दोऱ्याने खळग्याच्या तळाच्या थोडे खाली आडवा काप घ्या. खळगा गेला, पण त्या जागी वरच्या रंगाचा ठिपका दिसेल. दाब खालपर्यंत पोचला होता!

अंबरनाथच्या कारखान्यांत नंबर पंच कोणी पाहिला असेल. पंचावर हातोडा बसतो तेव्हा नेमके हेच होते. लोखंड सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. अंकाखालचे कण दबून वेडेवाकडे होतात, त्यांत ताण साठतो. अशा ताणलेल्या धातूवर आम्लाची क्रिया आजूबाजूच्या धातूपेक्षा लवकर होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग आधी आरशासारखा घासतात. मग त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण फिरवतात. हळूहळू पुसलेले अंक उमटू लागतात! काही वेळा ते थोडाच वेळ टिकतात, म्हणून लगेच छायाचित्र घेतात. मात्र ताण जेथवर पोचला, त्याहून खोल घासले असेल तर अंक परत मिळत नाही. (आम्लाचा हा प्रयोग तुम्ही मुळीच करू नका.)

मालकाने काय करावे?

बोट उतरवताना ट्रेलर पाण्यात जातो, आणि गंज चासी क्रमांक खाऊ लागतो. म्हणजे जे काम चोर कानशीने करतो, तेच गंज फुकट करतो. म्हणून:

१. क्रमांकावर ग्रीसचा पातळ थर ठेवावा. गंज काढायला तेथे ग्राइंडर कधीही चालवू नये. घासलेला क्रमांक तपासणीत संशयाला जागा देतो.

२. क्रमांक अगदी अस्पष्ट झालाच, तर परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. मनाने नवा पंच मारू नये.

३. क्रमांकाची पेन्सिल-छाप, छायाचित्र आणि नोंदणीपत्राची प्रत ट्रेलरपासून दूर, घरी ठेवावी.

४. चोरी झाल्यास याच कागदांसह लगेच पोलिसांत तक्रार नोंदवावी.

तुमच्या घरी बोट नसेलही. पण स्कूटर, मोटार, नाही तर ट्रॅक्टरची ट्रॉली तरी असेल. आज वडीलधाऱ्यांना विचारून तिचा चासी क्रमांक शोधा, त्याची पेन्सिलने छाप घ्या आणि नोंदणीपत्राशी एकेक अक्षर ताडून पाहा. ते जुळले, तर तुमची पहिली तपासणी पुरी झाली!