ताकदवान गाडीचा क्लच

क्लचला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. गाडी निघताना इंजिन फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. हा फरक मिटेपर्यंत क्लचने बेताने घसरत राहायचे. वेग जुळला की मात्र इंजिनाचा सगळा टॉर्क जराही न घसरता गिअरबॉक्सकडे पोचवायचा. इंजिनाची ताकद वाढवल्यावर नवा क्लच घेणारे बहुतेक जण फक्त दुसऱ्या कामाचा विचार करतात, आणि रोज वापरायच्या गाडीचे हाल तिथून सुरू होतात.

टोयोटाने 1993 साली आणलेली चौथ्या पिढीची सुप्रा हे याचे ठळक उदाहरण. तिचे टू-जेझेड जीटीई हे 2,997 सीसीचे सहा सिलिंडरी इंजिन मुळात सुमारे 430 न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्याचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक इतका भक्कम आहे, की जपान-अमेरिकेतले हौशी मालक मूळचे दोन टर्बो काढून एकच मोठा टर्बो बसवतात आणि ताकद दुपटीवर नेतात. सहा गिअरांचा गेट्राग गिअरबॉक्सही तो भार बराचसा सोसतो. आधी हात टेकतो तो मूळचा क्लच. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये मधल्या आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की टॅकोमीटरचा काटा झपकन वर जातो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. खालच्या गिअरमध्ये हा दोष सहसा दिसत नाही. तिथे टायरच आधी फिरतात, शिवाय टॉर्कचा काही भाग इंजिन आणि फ्लायव्हील यांचाच वेग वाढवण्यात खर्च होतो.

क्लचची टॉर्क पेलण्याची क्षमता चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचा घर्षणांक, घर्षण-पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. या चारींचा गुणाकार म्हणजे क्षमता. बाहेरचा व्यास 240 आणि आतला 160 मिलिमीटर असलेल्या क्लच प्लेटची सरासरी त्रिज्या 100 मिलिमीटर येते. दाब 6,000 न्यूटन, घर्षणांक 0.3 आणि पृष्ठभाग दोन धरले तर क्षमता 360 न्यूटन-मीटर होते. या हिशेबात क्षेत्रफळ कुठेच नाही. म्हणून अखंड लायनिंगऐवजी तीन-चार तुकडे असलेली ‘पक’ प्लेट बसवली की केवळ तेवढ्याने पकड वाढते, ही समजूत चुकीची आहे. तिथे पकड वाढते ती तुकड्यांच्या वेगळ्या मालामुळे. तुकडे कमी केल्याने प्लेट हलकी होते एवढेच, आणि तिचा झटका मात्र वाढतो.

गरज मोजायची ती टॉर्कमध्ये, अश्वशक्तीत नव्हे. सुमारे 600 अश्वशक्ती, म्हणजे 441 किलोवॅट, 7,000 आरपीएमला मिळत असतील तर त्या वेगाला टॉर्क 602 न्यूटन-मीटर असतो. तेवढीच शक्ती 5,000 आरपीएमला मिळत असेल तर तो 842 होतो. लवकर भरणारा लहान टर्बो क्लचवर अधिक ताण टाकतो तो यामुळेच. विक्रेत्याने सांगितलेला आकडा फ्लायव्हीलपाशी मोजलेल्या टॉर्कचा आहे की चाकांपाशी मोजलेल्या, हेही विचारून घ्यावे लागते. सर्वाधिक टॉर्कपेक्षा वीस ते तीस टक्के जास्त क्षमता रस्त्यावर पुरते. त्याहून मोठा क्लच घेण्यात पैसा तर जातोच, शिवाय चालवण्यातला सुखदपणाही जातो.

क्षमता वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जास्त दाबाची प्रेशर प्लेट. तिची किंमत डाव्या पायाला मोजावी लागते, पण पायापुरतेच ते थांबत नाही. पेडल दाबल्यावर तो सगळा जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टवर जातो आणि त्याच्या थ्रस्ट बेअरिंगला सोसावा लागतो. पेडल दाबून इंजिन सुरू करताना तिथे तेलाचा थर नीट तयार झालेला नसतो, त्यामुळे झीज वाढते.

दाब न वाढवता पृष्ठभाग वाढवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. दोन प्लेटांच्या क्लचमध्ये चार पृष्ठभाग घासतात. व्यास 200 व 130 मिलिमीटर इतका लहान ठेवला तरी त्याच दाबाला आणि त्याच घर्षणांकाला क्षमता 594 न्यूटन-मीटर मिळते. सारख्या जाडीच्या चकतीचे जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणून अशा दोन लहान प्लेटांचे मिळून जडत्व एका 240 मिलिमीटर प्लेटच्या जवळपासच राहते आणि गिअर बदलताना सिंक्रोनायझरवर जादा भार येत नाही. शेव्हरोलेने 638 अश्वशक्तीच्या कॉर्व्हेट झेडआर-1 मध्ये कारखान्यातूनच दोन प्लेटांचा क्लच दिला होता. या रचनेत प्रेशर प्लेट अधिक उचलावी लागते, म्हणून हायड्रॉलिक व्यवस्थेची पुरेशी हालचाल आधी तपासावी लागते. काही क्लचांत पेडल दाबल्यावर मधली प्लेट खडखडते. तो दोष नसून रचनेचाच भाग आहे.

पहिल्या कामाचा, म्हणजे घसरण्याचा, हिशेब उष्णतेचा आहे. सपाट रस्त्यावर इंजिनाचा वेग स्थिर ठेवून गाडी काढली तर वेग जुळेपर्यंत तिला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. सुप्राच्या पहिल्या गिअरमध्ये 1,000 आरपीएमला वेग ताशी सुमारे 10 किलोमीटर असतो. गाडीचे वजन 1,500 किलो धरले तर तेवढ्यावर क्लच सोडताना सुमारे 6 किलोज्यूल उष्णता होते. तीच गाडी 5,000 आरपीएमवरून काढली आणि टायर घसरले नाहीत, तर ही उष्णता पंचवीसपट, म्हणजे जवळपास 145 किलोज्यूल होते. टॉर्क तोच असूनही एकाचा क्लच वर्षानुवर्षे टिकतो आणि दुसऱ्याचा काही दिवसांत जळतो तो यामुळेच. गाडी कशी चालवली जाणार, हे मालकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवल्याशिवाय क्लचची निवड होऊच शकत नाही.

लायनिंगचा माल यावरूनच ठरतो. रेझिन आणि तंतूंचे ऑरगॅनिक लायनिंग मऊ धरते आणि हाफ क्लचवर सरकणाऱ्या शहरी वाहतुकीत सर्वांत सुसह्य असते, पण फार तापले की त्याची पकड ढासळते. केव्हलार हळू झिजते. मात्र ते रुळायला वेळ लागतो आणि अति तापल्यास त्यावर चकाकी येऊन ते निसरडे होते. तांबे किंवा लोखंडाच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून भाजलेले सिंटर्ड तुकडे प्रचंड उष्णता सोसतात, पण एकदम धरतात. गाडी थरथरत, हिसका देत निघते. कार्बन-कार्बन क्लच हलका आणि टिकाऊ, पण थंड असताना त्याची पकड कमी असते आणि त्याची किंमत फार. ऑरगॅनिक प्लेटच्या दोन थरांमध्ये बारीक लहरींचे पोलादी पत्रे असतात. दाब हळूहळू वाढू देण्याचे काम तेच करतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी हे पत्रे आणि हबमधल्या स्प्रिंगा असलेली प्लेटच घ्यावी.

फ्लायव्हील हलके केले की इंजिन चपळ होते, पण उष्णता सामावणारे लोखंडही कमी होते आणि गाडी काढताना इंजिन बंद पडण्याचा संभव वाढतो. मूळचे ड्युअल मास फ्लायव्हील काढून एकसंध बसवल्यास आयडलिंगला गिअरबॉक्स खडखडतो.

क्लच बसवताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग सपाट करून घेणे आणि रिलीज व पायलट बेअरिंग नवी टाकणे आवश्यक असते. ऑरगॅनिक लायनिंग असेल तर त्यानंतरचे सुमारे 800 किलोमीटर शहरात वारंवार गिअर बदलत, पूर्ण ताकद न लावता चालवावे लागतात. हायवेवरचे अंतर यात धरत नाहीत, कारण तिथे क्लच क्वचितच घासतो.