कंबर धरली तर पाठ कोणाच्या हाती द्यावी?

कापसाची वेचणी सुरू झाली की नेरडीगोंड्याच्या परिसरात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : कंबर धरली. त्यात नवल नाही. दिवसभर ओणवे राहून वेचायचे, पोटाशी भरलेली ओटी. त्याआधी फवारणीच्या दिवसांत पाठीवर १६ लिटरचा पंप, म्हणजे नुसत्या पाण्याचेच १६ किलो ओझे. मग कोणी पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेतो, कोणी हाडवैद्य गाठतो.

हातांनी उपचार करण्याची रीत परदेशातही आहे. अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुले १८६४ साली मेंदूच्या आवरणाला सूज येऊन दगावली. त्या काळच्या औषधांवरून त्यांचे मन उडाले. सांधे व स्नायू मोकळे असले की शरीर आपले आपण बरे होते, असे म्हणत १८७४ मध्ये त्यांनी ऑस्टिओपॅथी मांडली आणि १८९२ मध्ये कर्क्सव्हिल गावी तिची पहिली शाळा काढली. आज अमेरिकेत या शाखेचे डॉक्टर औषधे देतात, शस्त्रक्रियाही करतात. इंग्लंडात मात्र ऑस्टिओपॅथ मुख्यतः हातांनीच उपचार करतात.

उपचार करणारा आधी पाठ चाचपतो, मग आखडलेले स्नायू दाबून ताणतो, सांधा हळूहळू फिरवतो. कधी झटका देतो व 'कट' असा आवाज येतो. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज.

साध्या कंबरदुखीत याने काही दिवस आराम पडतो. सर्व रोग बरे होतात, हा स्टिल यांचा दावा मात्र टिकला नाही. साधी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. श्रेय पायाळूला जाते, एवढेच! अंथरूण धरून पडण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहणे बरे.

पण प्रत्येक पाठदुखी उसण नसते. कित्येक आठवडे पाठ दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन घटते, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. अशी पाठ रगडू नये. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मानेला झटका तर कोणालाही देऊ देऊ नये. क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू होतो. मोडलेल्या हाताला कांबट्या करकचून बांधल्या व बोटे निळी, थंड किंवा बधिर पडली, तर बंध ताबडतोब सैल करून रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास हात कायमचा अधू होतो.

पडल्यावर कंबर दुखू लागली, पाय लुळे पडले, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नये. आदिलाबादचे रिम्स रुग्णालय याच हमरस्त्यावरून गाठता येते; त्याच दिवशी निघावे.