पाण्याचे माप
जायकवाडीचा पैठण डावा कालवा आपल्या जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांतून जातो. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये पाणी वापर संस्थांना पाणी घनमापाने द्यावयाचे असते. ते मोजलेच नाही, तर चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याने आपला वाटा कोणत्या आधारे मागावा?

लहान चारीसाठी पातळ पत्र्याची व्ही-खाच हे सोपे साधन आहे. काटकोनी खाच कापलेला पत्रा प्रवाहाला आडवा, गळती न ठेवता बसवावा. खाचेची कड एक-दोन मिलिमीटरच जाड असावी. धार पत्र्यापासून सुटून मोकळी पडावी. पाण्याची उंची खाचेच्या टोकापासून धरावी. मात्र पट्टी कमाल उंचीच्या किमान चौपट अंतर मागे रोवावी, कारण खाचेजवळ पाणी खाली झुकते. उंची १० सेंटिमीटर असता सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, तर २० सेंटिमीटर असता सुमारे २५ लिटर पाणी जाते. म्हणून दहाच्या जागी अकरा वाचले, तरी पाव हिस्सा पाण्याचा फरक पडतो. मागे साचणारा गाळही काढीत राहावे.

आम्ही इतिहास शिकवितो. नोंद नसलेल्याचा हक्क किती सहज नाकारला जातो, हे आम्ही जाणतो. आमच्या विद्यार्थ्यांनी ही पट्टी वाचावी व आकडा रोज वहीत लिहावा.