देवयानीचा फोटो झूम केला तर काय दिसतं?

जानेवारी २०२५ मध्ये नासाने देवयानी दीर्घिकेचा एक फोटो प्रसिद्ध केला. हबल दुर्बिणीने घेतलेले शेकडो फोटो जोडून तो बनवलाय आणि त्याला १० वर्षांहून जास्त काळ लागला. त्यात २५० कोटी पिक्सेल आहेत. म्हणजे तुमच्या फोनचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असेल, तर तसे ५० फोटो! झूम करत गेलं की सुमारे २० कोटी तारे सुटे सुटे दिसतात.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक. दीर्घिका घडायला शेकडो कोटी वर्षं लागतात, त्यामुळे ती घडताना बघत बसणं शक्य नाही. खूप दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश जुना असतो, म्हणून त्यांचं लहानपण दिसतं. पण तिथले तारे एकमेकांत मिसळून नुसता धूसर ठिपका दिसतो. देवयानी मात्र फक्त २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. अंतराळाच्या हिशोबात शेजारीच!

आता सुटे तारे दिसल्याने काय कळतं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादा जुना प्रोजेक्ट हातात आला आणि माहिती द्यायला कुणीच नसलं, की मी आधी लॉग उघडतो. कधी काय बदललं, कुठला कोड बाहेरून आणून मर्ज केला, सगळं तिथे नोंदलेलं असतं. दीर्घिकेचा लॉग म्हणजे तिचे तारे.

या लॉगमध्ये दोन नोंदी महत्त्वाच्या. पहिली, ताऱ्यातलं लोहासारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण. ही मूलद्रव्यं तारे जन्मतात आणि मरतात तशी हळूहळू वाढतात. छोट्या दीर्घिकेत ती कमी साठतात. दुसरी नोंद, ताऱ्याची कक्षा. बाहेरून आलेला तारा बऱ्याचदा वेगळ्याच वाटेने फिरत राहतो.

गाया या युरोपीय यानाने आपल्या आकाशगंगेतल्या १०० कोटींहून जास्त ताऱ्यांची जागा आणि हालचाल मोजली. २०१८ मध्ये त्या डेटात ताऱ्यांचा एक गट सापडला. कक्षा खूप लांबट, रसायनही वेगळं. हे तारे एका छोट्या दीर्घिकेचे होते, जिला आकाशगंगेने सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी गिळलं होतं! देवयानीभोवतीही २००१ मध्ये ताऱ्यांचा एक लांबलचक पट्टा सापडला. तोही गिळलेल्या दीर्घिकेचाच अवशेष. थोडक्यात, मोठ्या दीर्घिका नुसत्या आतून वाढत नाहीत, लहानांना पोटात घेऊनही वाढतात.

मग आता आपली पाळी का? 'देवयानी आपल्यावर आदळणारच' असे रील्स तुम्ही पाहिले असतील. पण गाया आणि हबलचा डेटा वापरून २०२५ मध्ये केलेल्या नव्या गणितानुसार, येत्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता साधारण ५०-५० आहे. शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढ धरली की उत्तर बदलतं. त्यामुळे 'आदळणारच' असं छातीठोकपणे सांगणारा रील फॉरवर्ड करण्याआधी थोडं थांबा.

आणि हो, देवयानी बघायला हबलच हवी असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चंद्र नसलेल्या रात्री, शहराच्या दिव्यांपासून लांब जा. इंग्रजी 'एम'सारखी दिसणारी शर्मिष्ठा शोधा. तिच्याजवळ एक पुसट, लांबट ठिपका दिसेल. फोन मात्र खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात.