बंधारा उभा, पाणी पसार

शिंदखेडा तालुक्यातली गोष्ट आहे. बुराई नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावर दगड-सिमेंटचा लहानसा बंधारा बांधला होता. पहिल्या पावसाळ्यात पाणी अडले, गावाने नारळ फोडला. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी लोक पाहतात तो बंधारा जागच्या जागी उभा आणि नाला रिकामा! पाण्याने भिंत पाडली नव्हती. डाव्या काठाला, भिंतीच्या बुडातून वाट काढली होती. जाता जाता शेजारच्या शेताची दोन-तीन गुंठे काळी माती नेली ती वेगळीच.

मग जे नेहमी होते तेच झाले. गवंडी म्हणाला, पाया खणणाऱ्याने घोळ केला. खणणारा म्हणाला, आखून दिले तेवढे मी खणले. शेतकऱ्याने कपाळाला हात लावला. मीही पाहणीला गेलो होतो. पाऊसच अवचित मोठा झाला, असे म्हणून मी मोकळा झालो. आज ते आठवले की माझे मलाच वाईट वाटते.

पुढे अमावास्या आली. त्या दिवशी औत जुंपत नाहीत, बरेच गवंडीही काम बंद ठेवतात. म्हटले, आता सगळ्यांना एकदा त्या बंधाऱ्यावरच बोलवावे. दोन गवंडी आले. दगड फोडण्यात हयात गेलेले वडार समाजातले एक आबा आले. जेसीबी चालवणारा पोरगा, डोंगरावर चर खोदणारे भिल्ल समाजातले चार मजूर, एक रोपवाटिकावाले, ज्याची माती गेली तो शेतकरी आणि तगाऱ्या वाहणाऱ्या तीन बाया, अशी चौदा-पंधरा माणसे जमली. बाया जरा लांबच बसल्या होत्या.

अर्धा तास नुसते एकमेकांवर ढकलणे चालले. शेवटी आबा वैतागून म्हणाले, "पाणी कथा गयं, ते पहिले सांगा!" तेव्हा त्या लांब बसलेल्या बायांपैकी एक बोलली, "पाया खणताना डाव्या अंगाला रेती लागली होती, साहेब. पाझरही होता. तीच रेती आम्ही तगारीने काढत होतो. मुकादमाला म्हटलं, तर तो म्हणे, संध्याकाळपर्यंत पाया भरायचा आहे."

"मग बाई, तेव्हाच आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कधी?"

यावर कोणी काही बोलले नाही. उजवीकडे पाया खडकावर बसला होता आणि डावीकडे रेतीवर. नाल्याचा तळ वरून सारखा दिसला तरी खाली सारखा नसतो. बंधारा फुटण्याचे कारण पहिल्या दिवसापासून एका माणसाला ठाऊक होते आणि आम्ही पावसाला दोष देत बसलो होतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, जमिनीला वळण देण्याचे काम एका हाताचे नाही. दगड कोणता फुटतो आणि कोणता टिकतो, हे वडाराला कळते. माल किती ओला असावा आणि त्यावर किती दिवस पाणी मारावे, ते गवंड्याला कळते. मुरूम कुठे संपला, हे जेसीबीवाल्याला बकेटच्या आवाजावरून समजते. बांधावर कोणते गवत मूळ धरील, ते गुराख्याला विचारावे. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा आहे आणि काम संपले की प्रत्येकजण आपला तुकडा घेऊन घरी जातो. पुढच्या गावी तीच चूक नव्या पैशाने होते.

एकत्र बसून असे काम चालवणे आपल्या खानदेशाला नवे नाही. पांझरेवर आणि तिच्या आजूबाजूच्या नद्यांवर जुन्या काळापासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी फेर बदलायचा. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, देखरेखीला हवालदार आणि सगळ्यांवर शेतकऱ्यांनीच नेमलेले पंच. पाटाची साफसफाई आणि डागडुजी लाभधारकच करीत. आपण फड पद्धतीचे कौतुक करताना बंधाऱ्याच्या दगडांचे फोटो काढतो. पण ते दगड इतकी वर्षे टिकले ते कुठे गळते आहे हे सांगणारा माणूस आणि ते ऐकणारे पंच, दोघेही होते म्हणून.

दुसरे उदाहरण १९५६ सालचे. आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून आपल्या मराठी मुलुखातल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा. तो एकत्र बसून ऐकायचा, मग त्यावर बोलायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, असा तो शिरस्ता होता. प्रत्येक मंडळाला एक निमंत्रक असे. चर्चेला दिशा देणे आणि टिपण ठेवणे हे त्याचे काम. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली. मला त्यातली गोम वाटते ती निमंत्रकाची. रेडिओ होता म्हणून मंडळ चालले असे नव्हे. गप्प बसलेल्या माणसाला बोलते करणारा कोणीतरी तिथे बसलेला होता.

आमची बैठक त्या दिवसापासून जमेल तशी अमावास्येला होऊ लागली. दुसरी बैठक पार बिघडली, हे सांगितलेच पाहिजे. ती आम्ही सावलीत, सभागृहात घेतली. तिथे खुर्च्या आल्या, खुर्च्यांवर कोण बसणार हे आले आणि बोलणे मजुरीच्या दरावर गेले. बाया तर आल्याच नाहीत. तेव्हापासून ठरले की बैठक कामावरच घ्यायची, जमिनीवर बसून. ज्याने ते काम केले त्याने आधी बोलायचे, साहेबाने सर्वांत शेवटी. चूक कबूल केली म्हणून बाहेर कोणी कोणाचे नाव घ्यायचे नाही. हा शेवटचा नियम पाळणे फार जड जाते, पण तो मोडला की दुसऱ्या दिवसापासून कोणी खरे बोलत नाही.

एका वहीत नोंद ठेवतो. पाया कुठवर नेला, खाली काय लागले, काठात भिंत किती आत घुसवली, पाणी दिवाळीपर्यंत टिकले की संक्रांतीपर्यंत. वही गवंड्याच्या घरी असते. त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीचे अक्षर चांगले आहे.

बोलण्यातून पुष्कळ निघाले. अनघड दगडाचा बांध घालताना मोठे दगड बाहेर आणि बारीक आत, हे पुस्तकात आहे. पण बांधाचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा खोलगट ठेवायला लोक विसरतात, मग पाणी काठ कापून निघते. चराची पातळी पाण्याच्या नळीने न पाहता नजरेने धरली तर एका टोकाला तळे साचते आणि तिथूनच चर फुटतो. गॅबियनच्या जाळीत तिच्या घरापेक्षा लहान दगड भरले तर ते पहिल्याच पुरात निसटतात. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जिथे पाणी पडते, तिथे दगडी फरसबंदी नसेल तर पाणी हळूहळू पायाच उकरते.

सर्वांत जास्त वाद होतो तो नाला किती खोल न्यावा यावर. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली. ते काम पाहून जो तो जेसीबी घेऊन निघाला. पण शिरपूरला तापीकाठच्या गाळाच्या जाड थरांचा भाग मोठा आहे. आपल्या तालुक्यात नदीकाठची पट्टी सोडली की काळा पाषाण, आणि त्यात उभ्या भिंतीसारखे दुसऱ्या दगडाचे पट्टे. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे ते पुष्कळ आहेत आणि बरेचसे पूर्व-पश्चिम पसरलेले. आपले नाले तापीकडे उत्तरेला वाहतात, म्हणजे हा पट्टा वाटेत आडवा येतो. कुठे तो जमिनीखालचे पाणी अडवतो, कुठे त्याच्या भेगांतून पाणी पळते. आबा म्हणतात, अडवणारा पट्टा असेल तर त्याच्या वरच्या अंगाला बांधा, तो फोडू नका. जेसीबीवाला म्हणतो, आणखी दोन मीटर जाऊ द्या, पाणी मावेल. मला आबांचे पटते. पण आधी शेजारच्या विहिरी पाहाव्यात, पट्ट्याच्या कोणत्या अंगाला पाणी टिकते ते बघावे आणि मगच बकेट लावावी. हे जेसीबीवाल्यालाही मान्य झाले, जरा कुरकुरत का होईना.

रोपवाटिकावाल्यांची तक्रार रास्त आहे. दगडाचे काम होईस्तोवर सगळ्यांचा उत्साह असतो, रोपे लावायची वेळ आली की बैठकीला निम्मी माणसे. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगर गवताने झाकून घेतला. आधी गवत आले, झाडे मागाहून. आमच्याकडे मात्र बांधावर पवना, मारवेल लावायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, शेळ्या कोण आवरणार? त्यासाठी पुढच्या वेळी शेळीवाल्यांनाच बोलवायचे ठरले आहे.

तरुण मुले म्हणतात, मोबाइलवर फोटो टाकले की झाले, इतके चालत कशाला जायचे? फोटो जरूर टाकावेत. पण पायातला पाझर फोटोत दिसत नाही. तिथे हात घालावा लागतो.

फुटलेल्या बंधाऱ्याची डावी बाजू उन्हाळ्यात उकरायची आहे, खडक लागेपर्यंत. रेती कुठपासून सुरू झाली, ते दाखवायला ती बाई येणार आहे. त्या दिवसाची मजुरी तिला द्यायची असे बैठकीत ठरले, कारण ती येणार ती काम सोडून. मुकादमालाही निरोप गेला आहे. तो येतो की नाही, ते पाहायचे.