स्लॅब पक्का, झोप मात्र कच्ची!

नवतपा सुरू होता. पवनी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती, नव्याकोऱ्या घरकुलात. पंधरा मिनिटांतच घरधनीण उठली. "ताई, इथं जीव शिजून रायला. चला, सासूबाईच्या छपरीत बसू." शेजारच्या जुन्या कवेलूच्या घरात गेलो अन् खरंच जिवात जीव आला.

असं का होतं? मातीची दीड-दोन फुटी भिंत हळूहळू तापते. ऊन आत पोचेपर्यंत सांज होते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वरच्या वर निघून जाते. सिमेंटचा चार-पाच इंची स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. बाळंतीण, तान्हं लेकरू, म्हातारी माणसं सारी रात्र तळमळतात.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. आपला जिल्हा तलावांचा, धानाचा. बांध्यांत पाणी अन् हवेत ओल, त्यामुळे घाम वाळत नाही. कूलर लावला तर ओल आणखीच वाढते. तेव्हा कामी येतो तो वारा. पण एकाच खिडकीच्या खोलीत तो फिरणार कसा?

मग काय, पुन्हा मातीच्या घरात जायचं? मुळीच नाही! दरवर्षी कवेलू फेरणं, माकडांची नासधूस, गळती, विंचू-साप आणि सारवण. यातलं बरंचसं बाईच्याच वाट्याला येतं. पक्कं घर हवंच, पण ते राहण्याजोगं हवं.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घरकुल नवरा-बायको दोघांच्या किंवा एकट्या बाईच्या नावे देण्याची तरतूद आहे. नाव आपलं, मग मिस्त्रीपुढे आपण गप्प का?

मैत्रिणींनो, घर किमान २५ चौरस मीटरचं. तेवढ्यातही समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके अन् पश्चिमेला छपरी किंवा झाड बसतं. स्लॅब आधीच पडला असेल, तर उन्हाळ्याआधी त्यावर चुन्याचे दोन हात द्या. पांढरं छत ऊन परतवून लावतं. अहमदाबादेत २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतल्या छतांना असाच पांढरा रंग दिला गेला. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी लावायचा, एवढंच.

भिंत उठल्यावर खिडकीसाठी ती फोडणं जिवावर येतं. तेव्हा पाया खोदतानाच बोला.