जोतिबाचा डोंगर : संक्षिप्त माहिती

स्थान : वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा, कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे 17 किलोमीटर. समुद्रसपाटीपासून उंची अदमासे 3,000 फूट. सह्याद्रीपासून पन्हाळ्यावरून कृष्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणाऱ्या रांगेचाच हा अंश असला, तरी शेंडा छाटलेल्या शंकूसारख्या आकृतीमुळे सपाटीवरून पाहणाऱ्यास तो एकाकी भासतो.

देवालये : किवळच्या नावजी सया याने उभारलेल्या मूळ देवळाच्या जागी, ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळपुरुष राणोजी शिंदे यांनी 1730 मध्ये सांप्रतचे मंदिर बांधविले. जोतिबा हे या घराण्याचे कुलदैवत होय. शेजारचे केदारेश्वर मंदिर 1808 चे, दौलतराव शिंदे यांचे. रामलिंग त्याहून जुने, सुमारे 1780 चे. दगड याच डोंगरावरचा, बारीक कणांचा बेसॉल्ट.

यात्रा : चैत्र पौर्णिमा. गावोगावच्या उंच सासनकाठ्या, गुलालाची उधळण, दवणा आणि सायंकाळी यमाईच्या भेटीस निघणारी पालखी.

व्यवस्था : पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती.

पन्हाळा वेगळा : जवळचा पन्हाळगड हा शिलाहार भोज दुसरा याच्याशी निगडित किल्ला; 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झालेल्या मराठा लष्करी भूदृश्यांतील 12 दुर्गांपैकी एक. जोतिबाचा डोंगर त्या यादीत नाही.